लोणी काळभोरचा अर्धवट डाव

कर्वेनगरातून सकाळी निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक शाल, एक नारळ आणि एक भाषण होतं. पैकी भाषण सर्वांत जड. सत्कारसमारंभांचं सूत्रसंचालन हा माझा जुना छंद. बोलावलं नाही तरी मी जातो, असं आमच्या सोसायटीत म्हणतात आणि ते खरं आहे. या खेपेला मात्र वैजूताईंनी रीतसर बोलावलं होतं. त्यांची संस्था लोणी काळभोरला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी स्वयंपाकघर चालवते. ते ज्यांच्या देणगीवर चालतं ते भालेरावसाहेब, निवृत्त सरकारी अधिकारी, यंदापासून थांबायचं म्हणत होते. तुमच्या भाषणाने त्यांचं मन वळलं तर चूल पेटती राहील, असं ताई म्हणाल्या. एवढ्या माणसांच्या जेवणाचा भार माझ्या जिभेवर. मी हरखलोच.

गाडी भालेरावसाहेबांची, चालवत होते तेच. ताई त्यांच्या शेजारी, मी मागे नारळाशेजारी. पुण्यात रस्ता मोकळा मिळाला की आपण वाट चुकलो की काय अशी शंका येते. आम्हाला ती एकदाही आली नाही.

पहिला थांबा मार्केट यार्ड. हमालांच्या धक्क्यांतून वाट काढत आम्ही एका गाळ्यावर (ठोक विक्रीच्या दुकानावर) पोचलो. तिथले आडते ताईंना नेहमी भाजीची पोती देतात. ताईंनी आधी त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. शस्त्रक्रियेनंतर जिना चढतात का, पथ्य पाळतात का, सुनेचं ऐकतात का. भाजीचा विषय निघालाच नाही. पोती आपोआप डिकीत जाऊन बसली.

सोलापूर रस्त्याला लागल्यावर भालेरावसाहेब अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, माझा कुठला गुडघा दुखतो, सांगा पाहू."

ताई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी नारळाची शेंडी नीट करू लागलो.

"तुमचा फोन मला मार्चमध्ये येतो," साहेब पुढे म्हणाले. "आभार, पावती, पुढच्या वर्षीची आठवण. मराठी मात्र निर्दोष असतं."

त्यानंतर हडपसर ओलांडेपर्यंत गाडीत फक्त कोथिंबिरीचा वास दरवळत होता.

लोणीत मांडव सजला होता. साहेबांसाठी पांढऱ्या कापडाची खुर्ची, माझ्यासाठी माईक. मी घसा साफ करतोय तोच एक वाकलेल्या आजी थेट साहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या. या पारूबाई.

"काय रं, पत्ते घिऊन पळालास व्हय?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. मग उलगडा झाला तो असा. गेल्या वर्षी साहेब लवकर पोचले आणि पारूबाईंबरोबर बदाम सात खेळायला बसले. हा कुणाचा तरी ड्रायव्हर असावा, अशी बाईंची समजूत. ऐन रंगात सत्काराची हाक आली, साहेबांनी हातातले पत्ते खिशात टाकले, वर शाल पडली आणि ते तसेच पुण्याला गेले. तेव्हापासून इथले लोक औषधांच्या खोक्यांचे तेवढे पत्ते कापून, त्यांवर बॉलपेनने बदाम काढून डाव भागवत होते.

साहेब गाडीकडे गेले आणि रबर लावलेले पत्ते घेऊन आले. "वर्षभर गाडीत आहेत. म्हटलं, कुणीतरी मागेल."

"म्या रोज मागत हुते. ह्या बाईला इचार."

ताई खालच्या आवाजात म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या माणसाला पत्त्यांसाठी फोन कसा करायचा?"

"कसला मोठा," पारूबाई म्हणाल्या. "इस्पिकची सत्ती दाबून बसतोय त्यो."

फरशी गार होती, म्हणून बाईंनी माझ्या पिशवीतली शाल काढून खाली अंथरली. नारळ चटणीत गेला. पांढरी खुर्ची मांजराने घेतली. मी तीनदा माईकपाशी जाऊन आलो. कुणी वर बघितलं नाही. शेवटी मीही डावात बसलो आणि पहिला हरलो. दुपारी भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं दाट, गरम कढण) आलं. साहेबांनी वाटी पुन्हा पुढे केली, तेव्हा पारूबाईंनी आधी त्यांच्या हातातले पत्ते ताब्यात घेतले.

परतीच्या वाटेवर देणगीचा विषय कुणी काढेना. माझ्या जिभेला खाज सुटली होती, पण ताईंनी आरशातून असं पाहिलं की मी खिडकीबाहेरची उसाची गुऱ्हाळं पाहू लागलो. स्वारगेटच्या सिग्नलला त्या म्हणाल्या,

"अहो भालेराव, कुठला गुडघा?"

"डावा. बिनक्लचची गाडी त्याचसाठी घेतली." सिग्नल सुटला, त्यांनी गाडी पुढे घेतली. "चूल बंद करू नका. फोन मात्र दर गुरुवारी करा, डाव किती वाजता बसतो ते सांगायला."

"आणि मार्चमध्ये?"

"मार्चमध्येही गुरुवार असतात."

मागच्या सीटवर मी भाषणाची घडी घातली. त्यात दातृत्वाला सागराची उपमा होती, वटवृक्षाची होती, एके ठिकाणी तर हिमालयही होता. गुडघा कुठेच नव्हता.