खुब्यावरचा डाग

पाचोडच्या माळावर लांडग्याच्या जबड्यातून कोकरू ओढून काढलेली बाई म्हणजे म्हाळसाबाई. गळ्याला गाठ आली तेव्हाही ती डगमगली नाही. नवरा त्रिंबक म्हणायचा, "गलगंड हाय, जिरंल." दोन वर्षं जिरलं नाही. कॅन्सर निघाला. औरंगाबादच्या दवाखान्यात गळा चिरून गाठ काढली, मग किरणोत्सारी आयोडीन पाजून तिला तीन दिवस एकटीला खोलीत कोंडलं.

अंगावरचं सगळं उतरवा, असं सांगितलं होतं. तिनं जोडवीसुद्धा काढून दिली, पण कमरेची भंडाऱ्याची पिशवी झग्याखाली तशीच ठेवली. खंडेरायाला कसं उतरवायचं? जीव घाबरा झाला की बोट तोंडात ओलं करायचं, पिशवीत बुडवायचं अन् चाटायचं. दिवसातून वीसदा.

चौथ्या दिवशी स्कॅन झालं. उजव्या खुब्यावर काळा डाग! डॉक्टर म्हणाले, "हाडात पसरला असेल, नसेलही. उद्या पुन्हा बघू." मुलगा सूर्यभान बजाजनगरहून कारखान्यातली पाळी सोडून आला होता. त्यानं ‘हाडात’ एवढंच ऐकलं.

बाहेर लिंबाखाली बाप तंबाखू मळत होता.

"काय म्हणला रं डागदर?"

"आईला खाल्लं तू! दोन सालं नुसतं गलगंड, गलगंड!"

"मला काय ठाव, लेकरा..."

सूर्यभाननं बापाचीच काठी हिसकली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानशिलावर. कान फाटून लोंबला. तिसऱ्याला म्हातारा ओरडलाही नाही. चौघांनी धरलं तेव्हा पोराच्या हातात अर्धीच काठी उरली होती.

दुसऱ्या दिवशी झगा बदलताना नर्स सरूबाईंना पिशवी दिसली.

"मावशी, हे काय?"

"देव हाय, बाई."

पिशवी सोडून स्कॅन केलं. खुबा स्वच्छ! नुसती पिशवी यंत्राखाली ठेवली, तर तीच काळीकुट्ट उमटली. औषध थुंकीवाटे तिच्यात उतरलं होतं.

"पसरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुझा बा कुठंय?" म्हाळसाबाईनं सूर्यभानला विचारलं.

त्रिंबकला त्याच दवाखान्यात दाखल केलं होतं. अंगात अजून किरणोत्सारी औषध होतं म्हणून तिला नवऱ्याच्या खाटेजवळ जाऊ दिलं नाही. ती दारातूनच ओरडली, "अवं, म्या बरी हाय!" त्रिंबकचा धड कान उशीत होता. ती पुन्हा ओरडली. मग बापाची मान वळवायला सूर्यभान पुढं झाला.

त्याला बघताच त्रिंबकनं दोन्ही हात डोक्यावर घेतले.