विहिरीचा शेरा

हडपसरच्या पुढे, मांजरीच्या वाटेवर आयटी पार्कच्या काचा चढल्या, तरी हिराबाईच्या वस्तीत नळ आला नाही. होती ती एक विहीर. गाव आपल्या विहिरीला हात लावू देईना, म्हणून हिराबाईच्या सासऱ्यांनी, सीतारामबाबांनी, दीक्षा घेतल्यावर चार घरं जमवून ती खणली होती. वस्ती तिला जिवापाड जपायची.

मग शेजारी धातूला मुलामा चढवायचा कारखाना आला. त्याचं सांडपाणी ओढ्यात आणि ओढ्यातून विहिरीत. पाण्यावर तवंग आला, आणि हिराबाईची नात पूर्वा हिच्या अंगावर उठलेले फोड काही केल्या बरे होईनात. पूर्वाचा बाप संजय आयटी पार्कात सफाईला. त्यानं दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे प्रदूषण मंडळाचे साहेब पाण्याचा नमुना न्यायला येणार असं कळलं. नमुना वाईट निघाला, तर कारखान्याचं सांडपाणी बंद होणार होतं आणि वस्तीला नळ मिळणार होता.

पण साहेब येणार म्हटल्यावर हिराबाईला स्वस्थ बसवेना. ही माणसंच घाणेरडी, हे तिनं जन्मभर ऐकलेलं. संजय कामावर गेला तशी तिनं बायका गोळा केल्या, विहीर उपसली, तळाचा हिरवट गाळ पाट्यांनी काढून फेकला. साहेबांना कोरडी विहीर कशी दाखवायची? बांधकामावरच्या टँकरवाल्याला गळ घालून चांगल्या पाण्याचे दोन टँकर आत सोडले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाटली भरली, आणि हिराबाईनं पुढं केलेला तांब्या तोंडाला लावून चक्क रिकामा केला. वस्तीत येऊन पाणी प्यालेला तिच्या आयुष्यातला तो पहिला साहेब. तिचे डोळे भरून आले.

महिन्यानं कागद आला. पाणी पिण्यास योग्य, तक्रार निकाली. संजयला काही उमजेना. तेव्हा हिराबाईनं खाली मान घालून सगळं सांगितलं. तो कागद पुन्हा वाचू लागला.

"खाली आणखी काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"शेरा हाय. विहीर अत्यंत स्वच्छ, रहिवाशांनी निगा उत्तम राखली आहे."

हे कुणीतरी लिहावं म्हणून तर ती आयुष्यभर झिजली होती. आत पूर्वा अंग खाजवत रडत होती. हिराबाईनं कागद मागून घेतला, पण तिला तो धरवेना.