साडेतीन सूत

साडेतीन सूत हे शब्द कुठल्या हार्डवेअरच्या दुकानात कानावर पडले, की ते प्रकरण आजही जसंच्या तसं समोर उभं राहतं. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. नांदेडला राहतो, गुडघे कुरकुरतात, सकाळी पेपर वाचतो आणि त्यातल्या पोलिसांच्या बातम्या मुद्दाम टाळतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं विसरलो. हे एका पान्याचं प्रकरण मात्र जाता जात नाही.

कुणाचं नाव लिहीत नाही. जागाही नेमकी सांगत नाही. लातूर-नांदेड पट्ट्यात एक धावपट्टी आहे, एवढं पुरे. तिथं तेव्हा विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती. दोन-तीन लहान विमानं, पत्र्याचं एक मोठं हँगर, शिकायला आलेली वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी. हद्द आमच्या ठाण्याची आणि मी तिथला पोलीस निरीक्षक. एरवी आमचा संबंध म्हणजे मंत्री आले की बंदोबस्त आणि कुंपणातून आत शिरलेल्या म्हशींच्या तक्रारी.

एका सोमवारी सकाळी संस्थेचा मॅनेजर ठाण्यात आला. सोबत पन्नाशीचा एक मेकॅनिक. हँगरमधून या मेकॅनिकची अवजारांची पेटी चोरीला गेली होती. मॅनेजर तावातावानं बोलत होता, मेकॅनिक टोपी हातात धरून उभा होता. मॅनेजरचा संशय आधीच ठरलेला. रात्रपाळीला गेटवर एकच वॉचमन होता, मग दुसरं कोण?

ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहायला घेतली. मी मेकॅनिकला विचारलं, पेटीत काय काय होतं? आमच्याकडे गॅरेजवाले अशा वेळी काय सांगतात मला ठाऊक होतं. पाने, पकडी, हातोडी, अजून काय काय. हा माणूस डोळे मिटून सांगायला लागला. वरचा खण, डावीकडून पहिला, तीन बाय आठचा. दुसरा, सात बाय सोळाचा. तिसरा, एक बाय दोनचा. पुढे पकडी, तारा पिळायची पकड, दांडीवरचा आरसा. खणामागून खण, एकही जागा न चुकता. आमच्या अंमलदाराचा हात दुखून आला.

"एवढं पाठ कसं?" मी विचारलं.

"पाठ न्हाई साहेब, दिसतंय. पेटीत फोम असतो. त्यात परतेक पान्याच्या मापाचं घर कोरलेलं असतं. ह्या घरात त्योच पाना बसतो, दुसरा न्हाई. काम संपलं की झाकण उघडून बघायचं. सगळी घरं भरली तरच विमान सोडायचं."

"आणि एखादं रिकामं दिसलं तर?"

"तर विमान जागचं हालवायचं न्हाई. पाना घावेस्तोवर." हे म्हणताना त्यानं टोपीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. पेटी गेल्याचं दुःख असेल, असं वाटलं. तीस वर्षांच्या नोकरीत माणसाचे हात वाचायला शिकलो, असं मी चारचौघांत सांगत असे. कर्म माझं!

वॉचमनला बोलावलं. चाळिशीचा, शेजारच्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. ठेकेदाराकडे सहा वर्षं नोकरी. मुलगी लातूरला नर्सिंगला, ती घरातली पहिली शिकणारी. हे त्यानं विचारल्याशिवाय सांगितलं नाही. त्यानं स्वतःहून सांगितलं ते एकच.

"साहेब, पेटी चाळीस किलोची हाय. बाहीर न्यायची तर गेटातूनच न्यावी लागती. म्या गेट सोडलं न्हाई. पेटी बाहीर गेलीच न्हाई."

"मग काय उडून गेली?" मी म्हणालो, आणि ठाण्यातले सगळे हसले. विमानांच्या जागेतून पेटी उडून गेली, म्हणून जास्तच हसले.

त्याला रोज सकाळी हजर राहायला सांगितलं. चौकशी म्हणजे काय, तर बाकावर बसवून ठेवायचं. डबा घेऊन यायचा, पाठ सरळ ठेवून बसायचा, सांगितलं की जायचा. मंगळवारी त्याच्या ठेकेदाराचा फोन आला. "साहेब, ह्या माणसाला ड्युटीवर ठेवू का नको?" समोर बंदोबस्ताची फाईल, दारात दोन भाऊबंद बांधावरून भांडत आलेले. मी म्हणालो, "तूर्तास नको." दोन शब्द. पाच सेकंद लागले नसतील.

त्याच दुपारी पेटी सापडली. हँगरमागच्या नाल्यात, वाळल्या गवताखाली, बारदान्यात गुंडाळलेली. कुंपणाच्या आत. म्हणजे वॉचमन बोलला ते अक्षरशः खरं होतं, पेटी बाहेर गेलीच नव्हती. पण आम्ही त्याचा उलटा अर्थ काढला. यानंच लपवली, संधी साधून नेणार होता. दोन पंच बोलावले, पंचनामा केला. झाकण उघडलं तर सगळी अवजारं आपापल्या घरात शहाण्या मुलांसारखी बसलेली. फक्त वरच्या खणातलं दुसरं घर रिकामं. मेकॅनिकनं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सात बाय सोळाचा न्हाई." हवालदारानं लिहिलं, एक नग कमी. पेटीला लाखेचं सील लावून मुद्देमाल खोलीत ठेवली. एक पाना वॉचमननं विकला, असं आम्ही धरून चाललो. बुधवारी पेपरात चार ओळींची बातमीही आली.

आता कुणीही म्हणेल, अहो साहेब, चोर पेटी पळवतो, एकच पाना कशाला विकेल? आणि बाकीचे इतके नीट कशाला लावेल? बरोबर आहे. आज मलाही बरोबर वाटतं. त्या दिवशी मला फक्त घरी जाऊन पाठ टेकायची होती. माणूस थकला की समोर आलेलं पहिलं उत्तर त्याला पुरतं.

गुरुवारी औशाहून एक चाचा आले. साठीचे, लेथ मशीनवाले, बोटांत काळं तेल कायमचं मुरलेलं. दुकान बंद ठेवून एसटीनं आले होते, पेपराचा तुकडा खिशात.

"साहेब, रविवारी येक मानूस आल्ता मेरे दुकानपे. पाना बनवून दे म्हनला. म्या म्हनलो, बाजारात भेटतो की. तो म्हनला नक्को, असाच पायजे, अन् वर बारीक नंबर कोरून पायजे. नमुन्याला चार सूतचा आनला होता. म्हनला, ह्याचा धाकटा भाऊ बनव, साडेतीन सूतचा. आजच पायजे. म्या म्हनलो, नंबर कोरायचं खोटं काम अपने से नै होता. पेपरात पेटीचं वाचलं अन् मेरेकू खटकलं."

मी फिर्यादीची यादी मागवली. बोट ठेवून वाचली. तीन बाय आठ, सात बाय सोळा, एक बाय दोन. साडेतीन सूत कुठंच नव्हतं. सूतच नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, विमानाच्या कामात असलं माप नसतं. कुठला तरी पाण्याच्या मोटारीवाला असेल." चहा पाजला. चाचांनी चहा घेतला, पेपराचा तुकडा परत खिशात घातला आणि म्हणाले, "हौ. आपली मर्जी." बाकावर बसलेला वॉचमन हे सगळं ऐकत होता. बोलून काय उपयोग, हे त्याला तीन दिवसांत कळलं होतं.

शुक्रवारी सकाळी जीपमधून जाताना मी ड्रायव्हरला ही गंमत म्हणून सांगितली. म्हातारा औशाहून साडेतीन सूत घेऊन आला होता, म्हटलं. ड्रायव्हरच्या भावाचं गॅरेज. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, रागावू नका. पर साडेतीन सूत म्हंजी सात बाय सोळाच की! इंचाचे आठ भाग केले की त्यातला येक म्हंजी येक सूत. हाफ इंच म्हंजी चार सूत. त्याच्या खालचा साडेतीन. गॅरेजमधी कुनी सात बाय सोळा म्हनत न्हाई अन् हँगरमधी कुनी सूत म्हनत न्हाई. पाना एकच."

मला यादी आठवली. तिच्यात सात बाय सोळाच्या शेजारी एक बाय दोन लिहिलेला होता. तोच चाचांचा चार सूतचा नमुना. आणि चाचांकडे तो माणूस गेला रविवारी, पेटी चोरीला गेली रविवारी रात्री. म्हणजे पाना आधीच हरवला होता. पेटी नंतर नाहीशी झाली. आणि पेटीतला नमुना काढून औशाला नेऊ शकेल असा माणूस जगात एकच होता.

"गाडी धावपट्टीवर घे," मी म्हणालो.

मेकॅनिक हँगरच्या दारात खुर्ची टाकून रजिस्टर लिहीत बसला होता. मी आवाज चढवला नाही. शेजारी उभा राहिलो आणि विचारलं, "साडेतीन सूत म्हणजे किती हो?"

त्याचं पेन थांबलं. तो सवयीनं बोलून गेला, "सात बाय सोळा." मग मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

"साहेब, शनिवारी विमानाच्या शेपटात काम केलं. काम झाल्याची सही आधी केली अन् पेटी मागून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच. घर रिकामं. समदं हँगर पालथं घातलं, विमान बी दोनदा बघितलं, घावला न्हाई. सोमवारी पेट्यांची तपासनी होती. पान्यावर पेटीचा नंबर असतो, म्हनून तसाच करून घ्यायला औशाला गेलो, तिथं बी न्हाई म्हनले. गेल्या साली एकानं पाना हरवल्याचं खरं सांगितलं, त्याला घरी बसवलं. म्हनलं, पेटीच गेली तर एका घराचं कोन इचारतंय? मीच ती नाल्यात लपवली."

"कोणत्या विमानात?"

त्यानं धावपट्टीकडे बोट केलं. ते विमान पंखा फिरवत धावपट्टीच्या टोकाकडे निघालं होतं. आत शिकणारी एक पोरगी, एकटीच. पाच दिवस ते विमान असंच उडत होतं, आणि याला रोज झोप नव्हती, हे त्याच्या डोळ्यांवर आत्ता दिसत होतं.

मी काही म्हणायच्या आत तो पळाला. पन्नाशीचा माणूस, तापलेल्या डांबरावरून, दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरून, ओरडत. इंजिनाच्या आवाजात ओरडणं कुणाला ऐकू जाणार? पण हातांची फुली तिला दिसली. विमान थांबलं. पंखा थांबला. मेकॅनिक तिथंच डांबरावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. पोरगी खाली उतरून विचारत होती, "काय झालं काका? माझं काही चुकलं का?"

शेपटाचा पत्रा उघडला. दुसऱ्या अभियंत्याला तासभर लागला. नाक वरखाली करणारी तार ज्या छोट्या चाकावरून जाते, त्या चाकामागच्या कोपऱ्यात पाना अडकलेला होता. बोटभर इकडे सरकला असता तर तार अडली असती, असं तो अभियंता म्हणाला. मी तो पाना हातात घेतला. बोटाएवढा.

मेकॅनिकवर खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा दाखल केला. त्याची नोकरी गेली. वाईट वाटलं, पण ते करणं भाग होतं. पाना पंचनाम्यानं जप्त केला, पेटीचं सील फोडून फोममधल्या त्याच्या घरात बसवला, कोर्टाच्या आदेशानं पेटी संस्थेला परत दिली आणि पावती घेतली. वरिष्ठांनी पाठ थोपटली. वॉचमनविरुद्ध पुरावा नाही असं पत्र ठेकेदाराला धाडायला सांगितलं. जावक क्रमांक पडला, मी सही केली आणि दुसऱ्या बंदोबस्तावर गेलो.

पुढे वर्ष-दीड वर्षानं कंधारच्या बसस्टँडवर तो वॉचमन दिसला. हातात पिशवी, डोक्याला रुमाल. मीच हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अहो म्हणालो.

"कुठं असता हल्ली? ठेकेदाराकडेच ना?"

"न्हाई साहेब. तुमचं पत्र येईस्तोवर त्यानं दुसरा मानूस ठेवला. दुसरीकडं इचारलं तर म्हनत्यात, तू विमानाच्या चोरीतला ना? आता इकडं सासरवाडीला वीटभट्टीवर काम करून राहिलो."

"आणि पोरगी?"

"शिकून राहिली. सुट्टीत गावाकडं येत न्हाई. लोक इचारत्यात तिला." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. रागावला असता तर बरं झालं असतं. "साहेब, ती पेटी परत दिली म्हनं तुम्ही. पाना बी दिला. माझं नाव तेवढं तुमच्याकडंच जमा राह्यलं."

त्याची बस लागली. तो चढला, आणि चढताना रीतीप्रमाणे नमस्कारही केला.

त्या प्रकरणानं काय शिकवलं, असं तरुण फौजदार विचारतात. मी त्यांना सूत म्हणजे किती ते सांगतो. समोरचा माणूस आपल्या भाषेत बोलला नाही म्हणून चहा पाजून घालवून देऊ नका, हेही सांगतो. मेकॅनिकचा मूळ गुन्हा काय, तर सही आधी आणि मोजणी मागून. "तूर्तास नको" म्हणताना मी दुसरं काय केलं होतं? मेकॅनिकवर गुन्हा दाखल झाला, माझ्या सेवापुस्तकात बक्षिसाची नोंद झाली.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी मी मुद्देमाल रजिस्टर शेवटचं चाळलं. त्या पेटीची नोंद निघाली. प्रत्येक नगापुढे परत, परत, परत. खाली माझी सही. वॉचमनच्या नावाची नोंद त्यात कुठंच नव्हती, म्हणून ते परत करायचं राहून गेलं.