खोबरेल तेलाचा मोसम

थंडी कधी संपली हे ठरवायचा अधिकार वेधशाळेला आहे असं सगळ्या जगाला वाटतं. आमच्या मामेसासऱ्यांच्या मते तो त्यांच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात, खिडकीत उभ्या असलेल्या खोबरेल तेलाच्या बाटलीला होता. सकाळी तेल थिजलेलं दिसलं की तळ्यातला मासा तळाशी झोपलेला. ज्या सकाळी ते आपणहून पातळ झालेलं दिसे, त्या सकाळी मामांचा मोसम उघडे. तळहाताएवढ्या चिलाप्या ऊन खायला काठाच्या उथळ पाण्यात येतात त्या तेव्हाच, चार-पाच आठवडे. त्यानंतर गळ टाकणारे ते हौशे आणि त्याआधी टाकणारे ते गाढव, असं त्यांचं सोपं वर्गीकरण होतं.

तळं मोहन्याच्या पुढे, टिटवाळ्याच्या वाटेवर. तिथे मुंबईच्या शेटजींनी नुकत्याच शनिवार-रविवारच्या कौलारू बंगल्या बांधायला घेतल्या होत्या. मामा त्यांच्या कुंपणाला पाठ टेकून असे बसत, की शेटजींना आपणच आगंतुक आहोत असं वाटावं. डोक्याला माकडटोपी, हातात बांबूची काठी, तिला तंगुसाचा दोरा, दोऱ्याला तरंगायला बुचाचा तुकडा आणि जर्द्याच्या डबीत गांडुळं. कल्याण स्टेशन सोडलं की ते कुजबुजत बोलायला लागत. "अहो मामा, तळं अजून केवढं लांब आहे!" म्हटलं तर म्हणत, "मग? सवय नको लागायला?" दाढी करून सुगंधी लोशन चोपडून आलेल्या एका नातेवाइकाला त्यांनी अर्ध्या वाटेतून परत पाठवलं होतं. तळहातापेक्षा लहान मासा पाण्यात परत सोडायचा, हा त्यांचा नियम. पण घरी पाहुणे जेवायला असले की त्यांचा तळहात जरा आक्रसत असे.

त्यांच्या वाटेला मी गेलो तो त्यांच्या भाचीमुळे. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेलेले. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यांनीच तिला वाढवलं. माझ्याच ऑफिसात टायपिस्ट होती आणि टाईपरायटरपेक्षा वेगाने बोलायची. लग्न करायचं तर मामांचा होकार हवा. आम्ही ठाण्याच्या कोपरीचे कोळी, ते मालवणकडचे. जात आडवी येणार म्हणून मी दिवाळीपासून भाषण पाठ करत होतो. आडवी आली ती बाटली.

"मोसम सुरू होऊ दे," मामा म्हणाले. "तळ्यावर बसून बोलू. मासे पकडता ना?"

"म्हणजे काय! कोळ्याचा मुलगा मी. रक्तातच आहे," मी ठोकून दिलं. वास्तविक आमच्या वडिलांनी जाळं सोडून कळव्याच्या कारखान्यात कार्ड पंच करायला सुरुवात केली ती माझ्या जन्माआधी. मला मासा माहीत तो ताटातला, तोही आईने काटे काढून दिलेला.

माघ संपला. होळी तोंडावर आली. डोंबिवलीत पंखे गरगरायला लागले. दर रविवारी मी आशेने जायचो आणि मामा बाटली उलटी करून दाखवायचे. तेल ढिम्म हलायचं नाही. "अजून गारठा आहे हो," म्हणत ते कपाळावरचा घाम पुसायचे.

शेवटी एकदा मामींनीच मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि फ्रिजचं दार उघडून काकड्यांमागची रिकामी जागा दाखवली. "इथे झोपते त्यांची बाटली. पहाटे उठून गुपचूप खिडकीत नेऊन ठेवतात. माझ्या कोथिंबिरीला मेली जागा नाही!"

"पण का?"

"का म्हणजे? पोरगी सासरी गेली की या घरात बोलणार कोण? आम्ही दोघं? मी काही विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेही नाही. आधीची दोन स्थळं अशीच वाट बघून बघून गेली."

पुढच्या शनिवारी मामींनी बाटली फ्रिजमधून काढून गॅसच्या शेगडीशेजारी ठेवली. रविवारी मामांनी ती हातात घेतली. तेल डुचमळलं. मामांनी मामींकडे बघितलं. मामी इतक्या एकाग्रतेने पोळी लाटत होत्या, की ती पोळपाटाबाहेर गेली होती.

"चला," मामा मला म्हणाले.

मी खाडीतल्या थोराड माशांचा गळ घेऊन गेलेलो. त्याला कोट टांगता आला असता. पहिल्याच झोक्याला तो माझ्याच पाठीवर शर्टात रुतला. मी काठीला हिसका दिला, शर्टाने मला हिसका दिला, आणि मी कमरेइतक्या पाण्यात बसलो. बंगलीतला कुत्रा भुंकायला लागला. तळ्यातल्या तमाम चिलाप्या पलीकडच्या काठाला गेल्या असाव्यात. मामांनी मला वर ओढलं आणि मागे उभे राहून गळ सोडवायला घेतला.

"रक्तातच आहे म्हणालात."

"हो. बहुतेक ते सगळं काकांकडे गेलं."

मागून खुसखुस ऐकू आली. गळ निघाला, तरी त्यांचा हात माझ्या पाठीवरच होता. मग ते बोलले, आणि कुजबुजले नाहीत.

"ती फार बोलते."

"माहीत आहे."

"मधेच तोडायचं नाही. तोडलं की गप्प होते. मग दोन-दोन दिवस गप्प."

"नाही तोडणार."

"कोपरी काय, तशी लांब नाही," ते म्हणाले. हे त्यांनी मला नाही, तळ्याला सांगितलं. होकार म्हणतात तो मला एवढाच मिळाला.

लग्नानंतर मोसम आला की मामा दर रविवारी तळ्यावरून थेट आमच्याकडे यायचे. ओल्या वर्तमानपत्रात चार चिलाप्या, मांस कमी आणि काटेच फार. पुडकं आईच्या हाती दिलं की हिच्यासमोर बसायचे आणि चहा गार होईस्तोवर ऐकत राहायचे. नव्वद सालच्या सुमारास बंगल्यांची मोठी कॉलनी झाली, तळ्याला तारेची जाळी लागली, रखवालदार बसला. मामा आता कशाचे येताहेत, असं आम्हाला वाटलं.

ते आले. पुडकं नेहमीसारखंच, फक्त त्यातून बर्फाचं पाणी गळत होतं. आत सोनेरी, बोटबोट लांब मांदेली. मांदेली ही समुद्राची मासळी. तळ्याच्या गोड्या पाण्यात ती कुणी स्वप्नातही बघितलेली नाही.

"आज तळ्यात ह्याच लागल्या," मामा जमिनीकडे बघत म्हणाले.

मी तोंड उघडलंच होतं. आईने, जिने उभा जन्म ठाण्याच्या बाजारात मासळी विकली, मला कोपराने ढोसलं. मांदेली हातात घेऊन नीट बघितली.

"मावरं ताजं हाय, मामा," ती म्हणाली. "येत्या आयतवारी बी आना."

मामांनी मान डोलावली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हिच्याकडे वळले.

"हं. मग पुढे काय झालं गं?"