डावीकडची मॅट

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात एक निळी गाडी होती. तिच्या डॅशबोर्डला त्या काळातही मऊ गादी होती आणि गादीखाली बरीच मोकळी जागा. मालक कौतुकानं सांगत होते, "धडक होणार असं वाटलं, की शेजारी बसलेल्यानं इथं खाली शिरायचं."

"आणि चालवणाऱ्यानं?" माझ्या बायकोनं विचारलं.

"तो कुठं जाणार? स्टिअरिंग धरून बसायचं."

"मग मी एकटीच कशाला शिरू?"

इतक्या आधी परक्यांच्या जिवाची काळजी करणारा तो कारागीर मायाळूच असणार. शेजारी बसणाऱ्यांचा स्वभाव मात्र त्याला ठाऊक नसावा.

परतताना रिक्षा आडवी आली, तसा बायकोनं नेहमीसारखा पाय जोरात दाबला. तिच्या पायाखालची मॅट एकाच जागी झिजली आहे. तिथं ब्रेक नाही.