गाण्यातला खराटा

त्सुफेनहाउझेनमधल्या त्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत. त्यांतली पाच जर्मन, पण झाडण्याच्या बाबतीत सगळ्यांत कडक जर्मन म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे चारुदत्त केतकर. तिकडे केअरवोखेची पद्धत आहे. दर आठवड्याला कुणाच्या तरी दाराच्या मुठीवर एक पाटी येऊन लटकते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं जिना, पुढचं फरसबंद अंगण आणि फुटपाथ झाडून काढायचा. बाकीची बिऱ्हाडं हे काम एकदाचं उरकतात. केतकर ते गंध उगाळावं तसं सावकाश करतात.

त्यांचं हत्यार म्हणजे खराटा. दुकानातले लांब दांड्याचे ब्रश त्यांना मुळीच पसंत नाहीत. ओली पानं ब्रशला चिकटून बसतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही. गुहागरची बहीण माडाच्या हिरांचा खराटा बांधून ठेवते आणि दर दोन वर्षांनी तो कुळथाच्या पिठाशेजारी बॅगेत तिरपा झोपून जर्मनीला येतो. दोन लांब फटकारे मारायचे, मग खराट्याचं बूड दगडावर आपटून हीर सारखे करायचे, पुन्हा दोन फटकारे. सर्र, सर्र, टक. त्यात कधी फरक पडायचा नाही. पस्तीस वर्षं ज्या माणसानं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनांची बारीकशी खडखड नुसत्या कानानं ओळखली, त्याच्या हातात लय नसेल तर कुणाच्या असणार?

पण हे सगळं चालायचं सकाळी सहाला. शनिवारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. सहाच्या आधी आवाज करायची सोय नाही, म्हणून सहाच्या ठोक्याला केतकर खाली हजर. साडेसहाला खराटा केलरमध्ये, म्हणजे तळघरातल्या त्यांच्या खोलीत, कुलपात.

शेजाऱ्यांना वाटायचं, माणूस शिस्तीचा आहे. खरं कारण एकट्या चारुलताबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. मुलगी मैत्रेयी नऊ वर्षांची असताना वाढदिवसाला तिच्या वर्गातल्या मुली आल्या होत्या. केतकर अंगणात कमरेत वाकून झाडत होते. मुली दारात थबकल्या, एकमेकींकडे बघून हसल्या. मैत्रेयी लालबुंद होऊन जवळ आली आणि हळूच जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, प्लीज, त्या वस्तूनं नको ना." त्यांनी खराटा भिंतीला टेकवला, हात धुतले आणि मुलींना केक कापून दिला. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळेपासून सकाळी लवकर आटपत जाईन." मुलीवर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. लागलं होतं ते आतल्या आत राहिलं आणि अठरा वर्षं तिथेच मुरलं.

मैत्रेयी आता सत्तावीस वर्षांची. म्युनिकला एका सॉफ्टवेअर कंपनीत अर्धा वेळ काम करते आणि उरलेला वेळ बँडमध्ये घालवते. बँडचं नाव 'नासे शूअ', म्हणजे ओले बूट. असलं नाव ठेवून यश कसं मिळणार, असं केतकरांना वाटे, पण तालमीसाठी सात वर्षं स्वतःचं केलर त्यांनीच दिलं होतं. मैत्रेयी गाते आणि गिटार वाजवते, योनास नावाचा एक उंच मुलगा बास वाजवतो, आणि ड्रमला मिलन. मिलनची आई नाशिकची, वडील बव्हेरियातले. केतकर त्यांच्यासाठी वरून चहा नेऊन द्यायचे आणि गाण्यातलं काही कळत नसल्यासारखा चेहरा करून दारात दहा मिनिटं उभे राहायचे.

त्या ऑक्टोबरात मैत्रेयी दोन दिवसांसाठी घरी आली होती. शनिवारी भल्या पहाटे जाग आली म्हणून केलरमध्ये जाऊन गिटारवर एक नवं गाणं गुणगुणत फोनवर रेकॉर्ड करत बसली. केलरची खिडकी अंगणाच्या फरशीला लागून. पुढच्या आठवड्यात म्युनिकला तिघांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं, तर गिटारच्या मागे कुणीतरी वाजवत होतं. सर्र, सर्र, टक. मिलन म्हणाला, गाणं जिवंत वाटतंय ते त्याच्यामुळे.

बर्लिनच्या एका रेकॉर्ड कंपनीला ते कच्चं गाणं पाठवलं आणि कधी नव्हे तो होकार आला. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत पक्कं रेकॉर्डिंग द्या, सिंगल काढतो. इथे पंचाईत झाली. फोनवर गिटार, गळा आणि खराटा असे मिसळले होते की वेगळे निघेनात. मिलननं ड्रमचे ब्रश वापरून पाहिले, बाजारातला झाडू आणून पाहिला. उंदीर कागद कुरतडतोय असा आवाज आला. आणि मिलनला रेगेन्सबर्गच्या कारखान्यात नोकरी लागत होती. हे गाणं गेलं नाही तर तो जानेवारीत जाणार, आणि मग ओले बूट कायमचे वाळत पडणार, हे तिघांनाही स्वच्छ दिसत होतं.

मैत्रेयीनं घरी फोन केला. नेहमी आईबापांच्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देणारी ही मुलगी, त्या दिवशी मराठीत बोलली.

"बाबा, तुम्ही आमच्या गाण्यात वाजवणार? तुमचा खराटा?"

"तुमच्या गाण्यात माझी टिंगल नको," केतकर म्हणाले आणि फोन बायकोच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता चारुलताबाई म्हणाल्या, "अहो, कॉलेजात गेल्यापासून पोरीनं तुमच्याकडे काही मागितलंय का? आज मागतेय. टिंगल असेल तर उठून या, तिकीट परतीचं काढा."

तिकीट परतीचंच काढलं. केतकर जुन्या चादरीत गुंडाळलेला खराटा मांडीवर घेऊन म्युनिकच्या गाडीत बसले. समोरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, हे वाद्य आहे का? केतकरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर. मग उल्म स्टेशनपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरच पाहिलं, न जाणो बाई वाजवून दाखवा म्हणायच्या.

स्टुडिओ नीनाचा होता. नाव ऐकून केतकरांना वाटलं आपली कुणी असेल, पण नीना हाडाची बव्हेरियन निघाली. तिनं एक माइक जमिनीलगत लावला, दोन बाजूंना दोन. दुपारचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओ दुसऱ्यांना दिलेला होता आणि परवा पंधरा तारीख. केतकरांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, खाली वाकले आणि तसेच थांबले.

"इथे केर कुठाय?"

जमीन आरशासारखी लखलखीत. सगळ्यांनी समजावलं की झाडल्यासारखं करा, आवाजाशी मतलब आहे. त्यांनी प्रयत्नही केला, पण हात चालेना. जिथे केरच नाही तिथे झाडायचं म्हणजे रिकाम्या ताटावर जेवल्यासारखं. फटकारे एकदा लांब, एकदा आखूड पडू लागले. अखेर मिलन आणि योनास मागच्या आवारात गेले, आवाराच्या मालकाला विचारून रचून ठेवलेल्या दगडी फरश्यांतल्या नऊ फरश्या एकेक करून उचलून आणल्या आणि मांडल्या. चेस्टनटच्या वाळक्या पानांचं एक पोतंही भरून आणलं. या सगळ्यात पावणेपाच झाले.

मैत्रेयीनं पानं पसरली. केतकरांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर दिवे लागले होते. त्यांनी खराटा चादरीत गुंडाळायला घेतला.

"आता नाही. दिवेलागणीनंतर केर काढत नाहीत. लक्ष्मी निघून जाते."

"बाबा, पण..." मैत्रेयीला मराठी शब्द सापडेनात. ती जर्मनमध्ये भरभर बोलू लागली, मग रडवेली झाली. नीनाला कळेना की तासाभरापूर्वी राजी असलेला माणूस सूर्य बुडताच का बिघडला. शेवटी मैत्रेयीनं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

चारुलताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "याला रीत आहे. आधी दिवा लावायचा. आणि काढलेला केर रात्री बाहेर टाकायचा नाही, कोपऱ्यात सारून ठेवायचा, सकाळी टाकायचा. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्याच आई असं करायच्या. विसरलात का?"

केतकर चादरीला गाठ मारू लागले.

"अहो, लक्ष्मीला मध्ये घालू नका. पोर हसेल म्हणून घाबरलाय तुम्ही. मैत्रेयी, बाबा सहाला का झाडतात माहितेय तुला? तुझ्या नवव्या वाढदिवसाला तू त्यांना म्हणालीस, मैत्रिणींसमोर त्या वस्तूनं नको. तेव्हापासून."

"अगं, तू फोन ठेव," केतकर म्हणाले. त्यांचे कान तापले होते.

मैत्रेयी बापाकडे बघत राहिली. "मी म्हणाले होते असं?" तिनं विचारलं. तिला खरोखरच आठवत नव्हतं. वाढदिवस आठवत होता, केक आठवत होता, मैत्रिणींची नावंही. ते वाक्य तेवढं नव्हतं. केतकरांना हसावं की काय करावं ते समजेना. जे वाक्य अठरा वर्षं जपून ठेवलं, ते बोलणारीकडे नव्हतंच.

ती त्यांच्याजवळ फरशीवर बसली आणि मोडक्या मराठीत, मध्ये मध्ये जर्मन ठिगळं लावत सांगू लागली. "आल्झो, बाबा, हे गाणं कशावर आहे माहितेय? शनिवार सकाळ. मी बेडमध्ये. शाळा नाही. खाली तुमचा आवाज येतो, सर्र सर्र. मला वाटायचं, बाबा उठलेत, खाली आहेत, आता काही होणार नाही. मग मी परत झोपायचे. मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी वाजवता."

केतकरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. तो पुरेसा स्वच्छ झाला नसावा, कारण त्यांनी तो पुन्हा एकदा पुसला.

"दिवा आहे का कुठे?" त्यांनी विचारलं.

नीनानं वाढदिवसाच्या केकवर लावतात तसली मेणबत्ती शोधून आणली. ती बशीत लावून केतकरांनी नमस्कार केला, आणि नीनानंही केला, कशाला ते न विचारता. मग ते वाकले. मैत्रेयी काचेपलीकडच्या खोलीत जाणार होती, पण गेली नाही. त्यांच्या समोरच उभी राहून गायली. पहिल्या खेपेला केतकर माइक बघत राहिले. दुसऱ्या खेपेला पानं संपली. तिसऱ्या खेपेला ते माइक विसरले, म्युनिकही विसरले आणि अंगण झाडत सुटले. नीनानं काचेआडून अंगठा वर केला तरी त्यांचा हात चालूच होता. उरलेला कोपरा झाडल्याशिवाय ते थांबले नाहीत, आणि गाण्याच्या शेवटी गळा आणि गिटार थांबल्यावर जो एकट्या खराट्याचा आवाज येतो, तो हाच कोपरा.

सगळं आवरताना नीनानं व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढला. "नाइन!" नको म्हणून बाप-लेक एकदम जर्मनमध्ये ओरडले. पानांचा ढीग रात्रभर कोपऱ्यात राहिला, आणि सकाळी स्टुडिओ पुढच्यांच्या ताब्यात देण्याआधी नीनानं तो बाहेर टाकून तसा मेसेज केला.

गाणं मार्चमध्ये आलं आणि मेपर्यंत जिकडेतिकडे वाजू लागलं. रेडिओवर, सलूनमध्ये, कारखान्यातल्या कँटीनमध्येसुद्धा. मिलननं रेगेन्सबर्गची नोकरी सोडून दिली, म्हणजे घेतलीच नाही. मैदानावरच्या कार्यक्रमांत दहा दहा हजार माणसं पायानं सर्र सर्र करून मग टाच आपटतात. श्रेयनामावलीत गिटार, बास, ड्रम यांच्याखाली लिहिलंय, 'खराटा: चारुदत्त केतकर'. बर्लिनवाल्यांनी विचारलं होतं, झाडूसाठी असलेला जर्मन शब्द घालू का. मैत्रेयी नाही म्हणाली.

केतकर आता सकाळी दहाला झाडतात. चांगलं उन्हात, सगळ्यांसमोर. तळमजल्यावरच्या फ्राउ हेगेले नावाच्या बाई खुर्ची घेऊन ऐकायला बसतात, जाणारीयेणारी पोरं फोन काढतात, आणि केतकरांना ते आवडतं, हे त्यांनी कितीही नाकारलं तरी दिसतं. पोस्टमनपुढे तर ते मुद्दाम दोन फटकारे जास्त मारतात.

सप्टेंबरात मैत्रेयी बावीस गावांचा दौरा संपवून शुक्रवारी घरी आली. आवाज बसलेला, डोळ्यांखाली काळं. आमटीभात खाऊन आपल्या जुन्या खोलीत गेली आणि खिडकी उघडी टाकून आडवी झाली. दारावर पाटी केतकरांचीच होती. झोपताना ते बायकोला म्हणाले, "उद्या दहाला पोरं येतील फोन घेऊन. तिला उठवू नकोस."

पण सवयीनं जाग सहाच्या आधीच आली. ते थोडा वेळ पडून राहिले. मग उठले, चपला घातल्या, केलरमधून खराटा घेतला आणि अंगणात मैत्रेयीच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले. रस्त्यावर कुणी नव्हतं. सहाचे ठोके पडले तसं त्यांनी झाडायला घेतलं.

साडेसहाला वर आले तेव्हा चारुलताबाई मैत्रेयीच्या दारात उभ्या होत्या.

"जागी झाली का?" केतकरांनी कुजबुजत विचारलं.

"झाली होती. तुमचा आवाज ऐकला, कूस बदलली आणि परत झोपली."

केतकर पुन्हा खाली गेले आणि झाडलेलंच अंगण आणखी एकदा झाडलं.