मनोरमाकाकूंची ओली गादी

मनोरमाकाकू म्हणजे आमच्या भाईंदरच्या सोसायटीतलं चालतंबोलतं पाणीखातं. कुणाचा नळ ठिबकला की या दारात हजर. मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या उर्मिलाचा नळ उघडा राहिला. काकूंनी जिन्यात चारचौघांत तिला झापलं ते झापलं, वर गेटजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "१०३ ने पाणी वाया घालवले. इतरांनी बोध घ्यावा." रिटायर्ड बाई ना शाळेतल्या, हात शिवशिवतात बिचारीचे.

मंगळवारी सोसायटीचा पंप बिघडला. काकूंनी नळाचा पाइप स्वयंपाकघरातल्या पिंपात सोडला, नळ उघडा ठेवला. पाणी आलं की पिंप आपोआप भरेल, तोवर केबिन रोडवर ब्लाउजचं अस्तर घेऊन येऊ. दहा मिनिटांचं काम. अस्तराचा रंग जुळेना, तासभर गेला.

परतल्या तर हॉलमध्ये घोटाभर पाणी. काकूंचे यजमान आत्मारामकाका कानातलं मशीन काढून दिवाणावर गाढ झोपलेले, तळ्यातल्या बेटावर झोपावं तसे. दिवाणाच्या खणातली पाहुण्यांची कापसाची गादी पाणी पिऊन टम्म फुगलेली.

काकूंनी पहिलं काय केलं असेल? नळ बंद केला, आणि दुसरं, दार-खिडक्या बंद केल्या. कुणी बघायला नको. मग जुने टॉवेल घेऊन पुसा-पिळा, पुसा-पिळा, पंखा पाचावर. बंद घराचं इडलीपात्र झालं. गादी गॅलरीत टाकावी, तर समोरच्या विंगला आयता तमाशा. काकूंच्या चेहऱ्यावर घाम होता की आणखी काही, त्यांचं त्यांनाही कळेना.

बेल वाजली.

"काकू, मी उर्मिला."

"लादी पुसतेय गं, नंतर ये," काकू दाराआडून म्हणाल्या.

"पुसा की. पण तुमची लादी माझ्या छतातून गळतेय."

दार उघडावंच लागलं. उर्मिलानं हॉल बघितला, पाइप बघितला, काकूंकडे मात्र बघितलं नाही. ते काकूंना जास्त लागलं. सरळ जाऊन तिनं खिडक्या उघडल्या.

"कोंडून ठेवलं तर काय वाळणार? मागच्या महिन्यात मीही कोंडलं, चार दिवस वास होता. धरा गादी तिकडून."

"गॅलरीत नको गं. लोक..."

"धरा."

दोघींनी निथळती गादी कठड्यावर टाकली. समोरच्या विंगमधून शेवंतीनं मान बाहेर काढलीच. "अगंबाई, काकूंकडे पण?"

काकू खाली बघत पुटपुटल्या, "उर्मिला, फळ्यावरची तुझी ओळ मी आत्ता पुसून येते."

"पुसू नका," उर्मिला पदर खोचत म्हणाली. "खाली जागा आहे."

संध्याकाळी काकू खडू घेऊन उतरल्या. वॉचमनच्या देखत, सुवाच्य अक्षरात, १०३ च्या खाली आपलं २०३ लिहिलं. बोधाचं काही लिहिलं नाही.

गादी तीन दिवसांत वाळली. ती ओळ मात्र काकूंनी पावणेदोन आठवडे कुणाला पुसू दिली नाही.